‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ मराठीत कसं म्हणाल?

झिपरी (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गाणी ऐकायची बैठक असते. पंधरा-वीस माणसं, दोन सतरंज्या, एक बऱ्यापैकी स्पीकर. ज्याची पाळी त्याने गाणं आणायचं, चहा आणायचा, आणि गाणं परभाषेतलं असेल तर आधी मराठीत अर्थ वाचून दाखवायचा. (हा नियम करणारे काका स्वतः फक्त अभंग आणतात, त्यामुळे त्यांचं काही जात नाही.) या वेळी पाळी माझी. मी निवडलंय सॅमी स्मिथने गायलेलं ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’. अमेरिकन कंट्री, म्हणजे तिकडचं गावाकडच्या वळणाचं संगीत; शब्द आणि चाल क्रिस क्रिस्टॉफरसनची. चार दिवस झाले, मी शीर्षकाच्या पुढे सरकलेली नाही.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रिस्टॉफरसनच्या स्वतःच्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणं १९७० साली आलं. त्याच वर्षी सॅमी स्मिथने ते गायलं आणि १९७१ च्या सुरुवातीला ते कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं, पॉपच्या यादीत आठव्या. १९७२ मध्ये दोघांनाही त्यासाठी ग्रॅमी मिळालं, त्याला लिहिण्याचं, तिला गाण्याचं.

गाण्यात घडतं काय? एक खोली, रात्र. एक जण दुसऱ्याला म्हणतोय की केसांची रिबीन काढ, इथे शेजारी आडवं हो, उजाडेपर्यंत. बरोबर-चूक आत्ता बघायचं नाही, उद्याचं उद्या. एवढंच. प्रेम हा शब्द अख्ख्या गाण्यात एकदाही येत नाही. आणाभाका नाहीत, कायमचं काही नाही. गाणारा उलट हिशेब देतो की मी तुझा घेतोय तो फक्त वेळ.

आता शीर्षक. ‘मला मदत कर’ म्हटलं की तहसीलदाराकडे अर्ज केल्यासारखं वाटतं. ‘रात्र पार करायला साथ दे’ हे भावगीत स्पर्धेतलं. ‘आजची रात्र निभावून ने’ जरा बरं, पण त्यात समोरच्यावर जबाबदारी टाकल्याचा सूर येतो. हे माणूस मागतंय फार थोडं, आणि ते थोडंसुद्धा मागायची त्याला लाज वाटतेय. ती लाज मराठीत कशी आणायची?

---

तिरकस

थोडक्यात ‘आज मुक्काम इथेच कर’ असंच ना? त्याला एवढं तत्त्वज्ञान कशाला. रिबीन काढ म्हणणाऱ्या माणसाला रिबिनीचीच घाई असते. बाकी सगळी सजावट.

---

गिटारवाला सांगलीचा

तिरकसराव, वाजवून बघा मग बोला.

या गाण्याला आपल्या अर्थाने धृपद नाही. आठ ओळींचं कडवं, मग जरा वर चढणारा चार ओळींचा तुकडा, मग पुन्हा मूळ चालीत उतरून चार ओळी. शीर्षकाची ओळ प्रत्येक वेळी कडव्याच्या शेवटी येते, म्हणजे आधी सगळं बोलून झाल्यावर. घाई असलेला माणूस ती पहिल्याच ओळीत म्हणाला असता. इथे आधी केसांबद्दल बोलणं होतं, सावल्यांबद्दल होतं, उजाडण्याबद्दल होतं, आणि मग धीर गोळा करून खरी गोष्ट तोंडातून निघते. एखादा पैसे उसने मागायला येतो तेव्हा आधी पावसाबद्दल बोलतो ना, तसं.

आणि वर चढणारा तुकडा. तिथे सूर वर जातो, सैतान येतो, देव येतो, आपल्याला वाटतं आता मोठं काहीतरी येणार. येतं काय, तर आज रात्री मला एक ‘फ्रेंड’ हवाय. प्रियकर नाही, प्रेयसी नाही. सगळ्यात उंच जागेवर सगळ्यात साधा शब्द. माझ्या मते गाणं इथे आहे, रिबिनीत नाही.

---

झिपरी

सांगलीकर, उसन्या पैशांचं पटलं. तो ‘फ्रेंड’ही मला छळतोय. मराठीत मित्र म्हणा नाहीतर मैत्रीण, लगेच कोण गातंय आणि कुणाला ते ठरवावं लागतं. ‘एकटा’ की ‘एकटी’, ‘पडून राहशील’ की ‘पडून राहा’, आपली भाषा पावलोपावली आधार कार्ड मागते.

---

टल्साकर

ओक्लाहोमातून लिहितोय, इथे अठरा वर्षं झाली. सॅमी स्मिथबद्दल इथली माणसं आपलेपणाने बोलतात. जन्म कॅलिफोर्नियातला, १९४३ चा, पण वाढली इकडे. शाळा अकराव्या वर्षी सुटली, क्लबांत गायला लागली, पंधराव्या वर्षी लग्न. जॉनी कॅश या मोठ्या कंट्री गायकाचा बेसवादक मार्शल ग्रँट याने तिला ऐकलं आणि १९६७ मध्ये ती नॅशव्हिलला गेली. २००५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत वारली. कंट्री गायक वेलन जेनिंग्ज तिला ‘गर्ल हीरो’ म्हणायचा.

हे सांगायचं कारण तिचा आवाज. खरखरीत, जरा बसलेला, झोपेतून उठल्यावर पहिलं वाक्य बोलताना असतो तसा. मागे व्हायोलिनं आहेत, पण ती त्यांच्या नादी लागत नाही. त्या काळच्या नॅशव्हिलमध्ये बाईने नवऱ्याला धरून ठेवायची गाणी गायची, फसवला तर रडायची, सवतीला दम द्यायची. आपणहून कुणाला ‘थांब’ म्हणणं बसत नव्हतं. डॉटी वेस्ट या तेव्हाच्या मोठ्या गायिकेला हे गाणं आधी दिलं होतं असं सांगतात. तिला ते जरा जास्तच सूचक वाटलं म्हणून तिने सोडलं, आणि नंतर ते सोडल्याची चुटपुट तिला राहिली. वातावरण कसं होतं ते यावरून बघा की १९७५ साली, म्हणजे चार वर्षांनंतरसुद्धा, लोरेटा लिन या कंट्री गायिकेच्या गर्भनिरोधक गोळीवरच्या गाण्याला कितीतरी रेडिओ स्टेशनांनी दार बंद केलं.

आता झिपरीताईंच्या प्रश्नाकडे. क्रिस्टॉफरसन गातो तेव्हा रिबीन ‘तुझ्या’ केसांतली आहे. सॅमी स्मिथ गाते तेव्हा ‘माझ्या’. बदल एका शब्दाचा, पण हात कुणाचे ते बदललं. पुरुषाच्या गाण्यात तो बसून बघणार आणि ती केस सोडणार. बाईच्या गाण्यात ती त्याला म्हणते, तू काढ. त्याला कामाला लावते! आधी हे ठरवा की तुम्ही कुणाचं गाणं मराठीत आणताय.

---

झिपरी

अरे! इतक्या वेळा ऐकलं, हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता दोन्ही पाठोपाठ लावून बघितली. खरंच.

मग तिचंच.

---

पाटीपेन्सिल

रिबीन ठेवणार आहात? मला रिबीन म्हटलं की जिल्हा परिषदेची शाळा, दोन घट्ट वेण्या, वर दुमडून लाल रिबिनीची फुलं आणि प्रार्थनेला उशीर झाला म्हणून उन्हात उभं राहणं आठवतं. मराठीत रिबीन दहावीला सुटते. पुढे तिचा शृंगाराशी काही संबंध नाही.

---

शाहीरप्रेमी

गजरा करा. ‘गजरा काढ’.

---

पाटीपेन्सिल

गजरा आला की मागून ढोलकी आलीच. शिवाय गजरा ओढून काढला की फुलं सांडतात, सकाळी झाडावं लागतं. ही बाई सकाळी कुणाला काही झाडायला लागू नये म्हणून तर एवढं कमी मागतेय.

आमच्याकडे ‘आकडा’ म्हणतात, केसातला. रात्री झोपायच्या आधी बायका आकडे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवतात. कधीकधी एक दातात धरलेला असतो. ते कुणी दुसऱ्याने काढणं ही फार जवळची गोष्ट आहे. आई सोडून माझे आकडे आयुष्यात एकाच माणसाने काढलेत. पुढचं विचारू नये.

---

तिरकस

विचारत नाही. पण आकडा मान्य. 

---

शाहीरप्रेमी

गजऱ्यावरून माघार, पण लावणीवरून नाही. आपल्याकडे बाईच्या तोंडी ‘थांब’ हे दोनशे वर्षं आहे. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, पुढे पठ्ठे बापूराव, लिहिणारे सगळे पुरुष आणि बोलणारी बाई. तुमचा क्रिस्टॉफरसन उलटा, त्याने पुरुषाचं लिहिलं आणि ते बाईने आपलं केलं. विरहाची बैठकीची लावणी ऐका, हेच सगळं त्यात आहे, शिवाय अदाकारी.

---

टल्साकर

शाहीर, अदाकारी हाच फरक आहे हो. लावणीतली बाई ‘सख्या’ म्हणते तेव्हा समोर बैठकीतली वीस माणसं असतात आणि तिला ते माहीत असतं. एका ओळीचे दहा अर्थ ती दहा जणांना वाटते. ते मोठं कौशल्य आहे, मी कमी लेखत नाही. पण सॅमी स्मिथ ऐकताना वाटतं की आपण चुकून दुसऱ्याच्या खोलीच्या दाराशी उभे आहोत, आणि आता पाऊल वाजलं तर पंचाईत.

---

झिपरी

मला लावणीपेक्षा सुरेश भट आठवत होते. ‘मालवून टाक दीप’, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. रात्र तीच, जवळीक तीच. पण तिथे दिवा मालवायचाय आणि इथे दिवा चालू आहे! भिंतीवर सावल्या आहेत म्हणजे कुठेतरी दिवा असणारच. भटांच्या बाईला अंधार चालतो, कारण तिला खात्री आहे की माणूस आपला आहे. ही बाई दिवा मालवत नाही. अंधार झाला की एकटं वाटायला लागेल अशी भीती असावी. (हे जरा माझं पदरचं आहे, शब्दांत थेट नाही. पण सावल्या आहेत, त्या मी कुठून आणल्या नाहीत.)

---

खारा वारा

नमस्कार. एरवी फक्त वाचतो, आज लिहितोय, सावल्यांमुळे.

मी तेवीस वर्षं मुंबई हायला, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मांवर काढली. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टर. क्रिस्टॉफरसनची एक गोष्ट इथे अजून कुणी लिहिली नाही म्हणून सांगतो. तो ऑक्सफर्डला शिकलेला, ऱ्होड्स स्कॉलर म्हणजे तिथली मानाची शिष्यवृत्ती मिळालेला, अमेरिकन सैन्यात कॅप्टन आणि हेलिकॉप्टर पायलट. सैन्याने वेस्ट पॉइंटला, त्यांच्या लष्करी अकादमीत, साहित्य शिकवायची जागा देऊ केली, ती सोडून हा १९६५ मध्ये नॅशव्हिलला गेला आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडूपोछा करायला लागला. घर चालेना म्हणून लुइझियानाच्या दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मांवर हेलिकॉप्टरची नोकरी धरली. एक आठवडा तिकडे, एक आठवडा नॅशव्हिलला गाणी विकत हिंडायचा. हे गाणं आपण प्लॅटफॉर्मवर बसून लिहिलं असं त्याने सांगितलेलं आहे.

प्लॅटफॉर्मवर रात्र कशी असते ते सांगतो. अंधार नसतोच. फ्लेअर, म्हणजे जास्तीचा गॅस जाळायची चिमणी, जळत असतो, दिवसरात्र, आणि वारा फिरला की त्याची ज्योत लवते. मग डेकवरच्या प्रत्येक वस्तूची सावली हलते. रेलिंगची, पाइपांची, तुमची स्वतःची. कंप्रेसरचा आवाज इतका सतत असतो की चार दिवसांनी तो ऐकू येणं थांबतं, आणि घरी आल्यावर शांततेने झोप लागत नाही. बारा तासांची पाळी संपवून मी रेलिंगला टेकून उभा राहायचो, घरी जायला अजून नऊ दिवस, आठ दिवस. सगळे आजूबाजूला असतात, शंभर माणसं. तरी एकटं वाटण्याची एक ठरावीक वेळ असते, साधारण पहाटे तीन. तेव्हा काय हवं असतं असं कुणी विचारलं असतं, तर तिरकसराव, तुम्ही म्हणता ते हवं होतंच, खोटं कशाला बोलू. पण ते दुसऱ्या नंबरवर होतं. पहिल्या नंबरवर, शेजारी कुणीतरी कूस बदलल्याचा आवाज.

---

तिरकस

काका, दंडवत. पहिला प्रतिसाद मागे.

(अर्धाच.)

---

गिटारवाला सांगलीचा

खारा वारा काका, _/\_. तोच ना तो, जो जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवून, एका हातात बिअर आणि एका हातात टेप घेऊन बाहेर आला?

---

खारा वारा

उतरवलं होतं हे खरं. बिअरचा भाग कॅशच्या रसाळ वाणीतला. क्रिस्टॉफरसन स्वतःच म्हणायचा की ते यंत्र चालवायला दोन्ही हात लागतात. आमचे पायलट तर शिंक आली तरी आधी विचार करायचे.

---

टल्साकर

जागेबद्दल एक दुरुस्ती, म्हणजे दुरुस्ती नाही, भर. डॉटी वेस्टच्या नॅशव्हिलच्या घरी राहत असताना लिहिलं असंही सांगितलं जातं. आणि शीर्षकाचं मूळ फ्रँक सिनात्राच्या एका मुलाखतीत. कशावर विश्वास आहे असं विचारल्यावर तो म्हणाला होता की दारू, बाई नाहीतर बायबल, रात्र निभावेल ते काहीही. सिनात्राचं वाक्य बेफिकीर आहे, खांदे उडवून म्हटलेलं. क्रिस्टॉफरसनने त्यातला ‘काहीही’ काढला आणि तिथे एक माणूस बसवला.

अवांतर: ब्रिटनमध्ये १९७४-७५ च्या हिवाळ्यात जॉन होल्ट या जमैकन गायकाने याचं रेगे, म्हणजे जमैकाच्या ठेक्यातलं गाणं, केलं आणि तेही पहिल्या दहांत गेलं. ग्लॅडिस नाइटचं आहे, एल्व्हिसचं आहे, विली नेल्सनचं आहे. एल्व्हिस मागतोय असं वाटत नाही, त्याला मिळणारच आहे.

---

माई

मी सत्त्याहत्तर वर्षांची. नातवाने लावून दिलं, दोनदा ऐकलं. इंग्रजी गाणं पुरतं कळत नाही पण बाई काय म्हणतेय ते कळलं.

तुम्ही सगळे एवढे शब्द शोधताय. आमच्याकडे याला शब्द होता. सोबत.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. मुक्कामी गाडी असली की रात्री घरी नसत. चाळीत खोली, नवीन लग्न, मला एकटीला झोप यायची नाही. तेव्हा शेजारच्या वहिनींना म्हणायचं, ‘आज हे नाहीत, पोरीला सोबतीला पाठवता का?’ पोर बारा-तेरा वर्षांची. आपली वाकळ घेऊन यायची, अंथरायची आणि पाच मिनिटांत घोरायला लागायची. ती काय मला राखणार! चोर आला असता तर तिलाच आधी उचलून बाजूला ठेवावं लागलं असतं. पण तिचं घोरणं ऐकत मला झोप लागायची. सकाळी चहा पिऊन वाकळ बगलेत मारून ती जायची. तिचं ना माझ्यावर काही देणं, ना माझं तिच्यावर.

सोबतीला कुणाला बोलवायची लाज वाटायची, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. दर वेळी वाटायचं, वहिनी म्हणतील, एवढी मोठी बाई आणि भिते.

आता हे जाऊन अकरा वर्षं झाली. सोबतीला बोलवायला पोरी राहिल्या नाहीत, सगळ्यांना स्वतंत्र खोल्या आहेत. रेडिओ लावून झोपते.

---

पाटीपेन्सिल

माई, नमस्कार. ‘सोबतीला’. बस्स.

---

तिरकस

माईंचा पूर्ण आदर ठेवून राहिलेला अर्धा प्रतिसाद. ‘सोबत’ केलंत की गाणं सोवळं होईल. सोबतीला वाकळ घेऊन बारा वर्षांची पोरगी येते. या गाण्यात केस कुणाच्या तरी अंगावर पडताहेत. शरीर काढून टाकलंत तर गच्चीवरच्या काकांना आवडेल, पण मग ते अभंगच होईल.

---

झिपरी

तिरकस, हे मात्र शंभर टक्के बरोबर, आणि याच भीतीने मी रात्री दोनपर्यंत जागी होते. पण असं बघा. मूळ गाण्यातही शीर्षकात शरीर नाहीच. शरीर पहिल्या चार ओळींत येऊन जातं, आणि नंतरचं सगळं गाणं त्याच्या मागे काय आहे ते सांगत बसतं. मग पहिल्या ओळीत आकडा काढू दे, केस पडू देत, तिथे मी काही झाकणार नाही. आणि शेवटी ‘सोबत’ येऊ दे. एकाच माणसाकडे एकाच श्वासात दोन्ही मागितलं की शब्द सोवळा राहील का?

शिवाय ‘सोबतीला’ म्हटलं की मित्र की मैत्रीण, एकटा की एकटी, सगळे प्रश्न मिटतात. 

---

तिरकस

राहणार नाही. मान्य. वाचून दाखवाल तेव्हा आकड्यानंतर जरा थांबा, लगेच पुढे पळू नका.

---

झिपरी

बैठक काल झाली. वृत्तांत.

‘आजची रात्र सोबतीला थांब’ असं शीर्षक ठेवलं. ‘मदत’ गाळली, पण ती ‘थांब’मध्ये आहे असं मला वाटतं. आकड्यानंतर थांबले. सतरंजीवर दोघी हसल्या, एकीने केसाला हात लावून बघितला. मग गाणं लावलं. मध्ये कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

संपल्यावर अभंगवाले काका म्हणाले, ‘परत लावा.’ दुसऱ्यांदा संपल्यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या मिसेस मागच्या पावसाळ्यात गेल्या. कप गोळा करायला मात्र ते सगळ्यात शेवटपर्यंत थांबले, आणि मग आमचे आम्हीच दोघं-तिघं अर्धा तास उगाचच कठड्याला टेकून गप्पा मारत राहिलो, पाणी कधी येणार वगैरे.

माई, तुमच्या पोरीबद्दल त्यांना सांगितलं. घोरण्याचं ऐकून खूप हसले.

---

माई

तिची आता नातवंडं आहेत. अजून घोरते म्हणे.